गाडीचा खांदा

जलालुद्दीनच्या कमरेला किल्ल्यांचा जो जुडगा लटकायचा, तो पाहून नवखा माणूस त्याला एखाद्या मालगुजाराचा कारभारीच समजायचा. प्रत्यक्षात त्याच्या मालकीचं काय होतं, तर गोंडपिपरीत दोन खोल्यांचं घर. त्या घराची किल्ली एकच. बाकीच्या सगळ्या ट्रकच्या, आणि तो ट्रकही त्याचा नव्हे, चांद्याच्या एका लाकूड ठेकेदाराचा. लढाईत राबून झालेला, सरकारने लिलावात काढलेला, हिरवा रंग पोपडे धरून सुटलेला आणि स्टिअरिंग डाव्या अंगाला असलेला तो ट्रक जलालुद्दीन चालवत असे. पेट्रोलच्या टाकीला कुलूप, हत्यारांच्या पेटीला कुलूप, स्टेपनीला साखळी आणि त्या साखळीला कुलूप. ड्रायव्हरच्या शेजारच्या बाकाखाली बॅटरीची लाकडी पेटी होती, तिला तर सगळ्यात मोठं, पितळी कुलूप.

"मुझे भी एक लगा दो," त्याची बायको साबिरा म्हणायची. त्यावर तो हसत नसे. हसण्यासारखं त्यात काय आहे, तेच त्याला कळत नसे.

माणूस मूळचा असा नव्हता. पण उमेदीच्या वर्षांत एकदा मूलच्या बाजारात तो चहा प्यायला उतरला आणि परत येऊन पाहतो तर जॅक गायब. मालकाने चार माणसांत त्याला झोपाळू म्हटलं. त्या दिवशी जलालुद्दीनने जो कानाला खडा लावला तो लावला. तेव्हापासून कोणी नुसतं 'कुठी चाल्ले, उस्ताद' म्हटलं तरी याला काय करायचंय, असं त्याच्या मनात आधी यायचं आणि उत्तर मागून. कोणी चहा दिला तर तो कपाला नाक लावून वास घ्यायचा, मग प्यायचा. आणि गाडी बिघडली की इतर ड्रायव्हर विचारत, काय बिघडलं? जलालुद्दीन विचारायचा, कोणी बिघडवलं?

त्या काळात जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. पळसबोडीच्या लोकांना त्याचा पत्ता एवढाच, की कागदावरचे शिक्के बदलले. पळसबोडी म्हणजे गोंडपिपरीच्या पुढे जंगलाला टेकलेलं, मुरमाच्या सडकेवरचं गाव. गावाच्या पलीकडे सडकेला लागून ठेकेदाराची लाकडाची टाल होती. जंगलातून आलेले सागाचे ओंडके तिथे रचायचे, ट्रकवर चढवायचे आणि बल्लारशाच्या स्टेशनवर नेऊन वॅगनमध्ये भरायचे, असा हा धंदा.

ट्रक यायच्या आधी हेच काम बंड्या करीत. पळसबोडीच्या बैलबंड्यांची रांग लागे आणि त्या रांगेत पहिली बंडी असायची मुखरूची. त्याची जोडी होती पाखऱ्या आणि बांड्याची. चढावर बाकीच्या बंड्या अडल्या की लोक मुखरूची जोडी सोडून आणत आणि पुढे जुंपत. मग हा हिरवा ट्रक आला आणि बंड्यांचं काम संपलं. बाकीचे शेतीला लागले. मुखरूजवळ शेत म्हणण्यासारखं काही नव्हतं. त्याने जोडी काही दिवस नुसतीच बांधून पोसली आणि मागच्या उन्हाळ्यात बाजारात नेऊन विकली. आता तो त्याच टालीवर हमाल होता. खांद्यावर पोत्याची घडी टाकून ज्या ट्रकने त्याचे बैल विकायला लावले, त्याच ट्रकवर ओंडके चढवायचा.

आता तुम्हीच सांगा, जलालुद्दीनसारख्या माणसाने अशा माणसावर संशय घ्यायचा नाही तर कोणावर घ्यायचा? आपण मुखरूच्या जागी असतो तर या गाडीचं काय केलं असतं, याचा त्याने एकदा विचारही करून पाहिला होता. आलेलं उत्तर त्याला आवडलं नाही. तेव्हापासून तो मुखरूवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवून होता.

आणि मुखरूचं वागणंही तसंच. गाडी भरून झाली की बाकीचे हमाल तंबाखू चोळत सावलीला बसायचे. हा गाडीभोवती फेरी मारायचा. बोनेटवर थाप द्यायचा. वाकून चाकांच्या मधून पाहायचा. "चढावर लय कुथते बिचारं," असं स्वतःशीच पुटपुटायचा. एकदा जलालुद्दीन बॅटरीत पाणी घालत असताना तो मागे येऊन कधी उभा राहिला ते कळलंच नाही.

"हे काय होय, डायवरभाऊ?"

"गाडीची ताकद इथी असते," जलालुद्दीन ऐटीत बोलून गेला आणि बोलल्याबरोबर त्याने जीभ चावली.

मुखरूने मान लांब करून पाहिलं. बॅटरीच्या माथ्यावर शिशाच्या दोन आखूड खुंट्या. दोन्हींवर एकेक जाड पट्टा चढवलेला. त्यातल्या एका पट्ट्याचा बोल्ट कधीचाच हरवला होता. तो हाताने पिळून काढायचा आणि लाकडाने ठोकून बसवायचा. त्याच खुंटीभोवती पांढरा-हिरवा मळ फुगून आला होता. "हे तं चिघळलं हाय," मुखरू हळहळून म्हणाला. जलालुद्दीनने पेटीचं झाकण त्याच्या नाकापुढे आदळलं आणि कुलूप ठोकलं. याला माझ्या बॅटरीची एवढी कळकळ काऊन, हे त्याच्या डोक्यातून पुढे कित्येक दिवस गेलं नाही.

श्रावण संपत आला होता. पावसाने उघडीप दिली आणि सडक जरा वाळली. तेवढ्यात टालीचा दिवाणजी, गुणवंतराव, बल्लारशाहून बातमी घेऊन आला की वॅगन मिळाली आहे. पावसाळ्यात वॅगन मिळणं म्हणजे लग्नात मनासारखा मुहूर्त मिळण्याइतकं कठीण. पण नेमका पोळा तोंडावर. हमालांनी हातापाया पडून एवढंच कबूल करून घेतलं, की आदल्या दिवशी गाडी पूर्ण भरून देऊ आणि पोळ्याची सुट्टी घेऊ. पोळ्याच्या सकाळी जलालुद्दीनने गाडी हाकायची, संध्याकाळच्या आत माल वॅगनीत चढवायचा. नाहीतर रेल्वे वॅगन दुसऱ्याला देऊन मोकळी होईल, असं गुणवंतरावाने बजावून सांगितलं होतं.

आदल्या संध्याकाळी गाडी भरून उभी राहिली. हमाल गावाकडे गेले. जलालुद्दीनने बॅटरीत पाणी घातलं आणि मगरिबच्या, म्हणजे सांजेच्या नमाजाची वेळ झाली म्हणून तो घाईघाईने विहिरीवर हातपाय धुऊन वजू करायला गेला. नमाज आटोपून परत येताना त्याला मुखरू दिसला. गाडीकडून गावाकडे झपाझप चालला होता. हातात काहीतरी होतं आणि त्यावर धोतराचा सोगा झाकलेला.

"काय होय, मुखरूभाऊ?"

"काई नाई," मुखरू म्हणाला आणि न थांबता गेला.

जलालुद्दीनच्या मनात पाल चुकचुकली. त्याने धावत जाऊन टाकीचं कुलूप ओढून पाहिलं. हत्यारांच्या पेटीचं पाहिलं. स्टेपनीची साखळी खडखडवली. सगळं जागच्या जागी. बॅटरीची पेटी नुसती झाकलेली होती, तिला कुलूप लावलं, दोनदा हिसका दिला आणि मगच तो निवांत झाला.

पोळ्याच्या सकाळी गावाकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. जलालुद्दीन गादीवर बसला, बिस्मिल्ला म्हटलं आणि किल्ली फिरवली.

काही नाही. एरवी किल्ली फिरली की समोरच्या, करंट दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा थरथरायचा, तो मेल्यासारखा पडून राहिला. त्याने स्टार्टरचा सेल्फ दाबला. गाडीने हुं की चूं केलं नाही. हॉर्न दाबला, तोही मुका. दिव्याचं बटण ओढलं आणि वारलूला पुढे पाठवलं.

वारलू हा त्याचा क्लीनर. वयाने जलालुद्दीनपेक्षा मोठा, आणि जे बाकीचे पोटात ठेवतात ते ओठावर आणणारा. "दिवे नाई, उस्ताद," तो पुढून ओरडला. "हॉर्न नाई, दिवे नाई. बॅटरी पाहा ना."

"बॅटरीले कुलूप हाय."

"कुलूप बॅटरीले हाय. बिघाडाले थोडीच हाय?"

जलालुद्दीनने त्याच्याकडे रोखून पाहिलं. याला पेटी उघडायची एवढी घाई काऊन झाली, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. वारलूला ड्रायव्हर व्हायचं आहे, हे त्याला केव्हापासून ठाऊक होतं. पण वारलू रात्री टालीच्या झोपडीत त्याच्या बाजूलाच घोरत होता, आणि त्याचं घोरणं जलालुद्दीनने मुद्दाम जागून ऐकलं होतं. ते नकली नव्हतं.

"हँडल मार," तो म्हणाला.

वारलूने पुढून इंजिनला हँडल लावलं आणि मारलं, पुन्हा मारलं, घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला. इंजिन नुसतं फिरे, पेट घेईना. जलालुद्दीनने एक प्लग खोलला, वायरला लावून इंजिनच्या लोखंडावर टेकवला आणि पुन्हा हँडल मारायला लावलं. ठिणगी उडायला हवी होती, ती उडाली नाही. म्हणजे करंट प्लगपर्यंत येतच नव्हता. मग त्याने पेचकस घेऊन किल्लीमागचा पत्रा खोलला. इथे नक्की कोणीतरी वायर कापली असणार. वायर धड होत्या. त्याने त्या बोटांनी चाचपल्या, एकेक हलवली. धडच. त्याने टाकीचं झाकण उघडून वास घेतला. कोणी गूळ तर टाकला नाही? टाकीला पेट्रोलचाच वास होता. शेवटी त्याने चक्क किल्लीच काढली आणि डोळ्यांजवळ धरून तिचे दाते न्याहाळले. कोणी बदलली तर नसेल?

"उस्ताद, किल्ली तं तुमच्याच कमरेले होती," वारलू म्हणाला.

"तू चूप."

एवढ्यात गुणवंतराव सायकलवरून आला. गाडी अजून उभी पाहून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जलाल, काय करून राह्यला रे तू? तिकडं वॅगन उभी हाय! संध्याकायी रेल्वेवाले काय तुह्यासाठी थांबतीन?"

"दिवाणजी, कोणीतरी हात लावला गाडीले."

"कोण?"

आता या 'कोण'ची वाट जलालुद्दीन इतकी वर्षं पाहत होता म्हणा ना. आजवर त्याने शेकडो माणसांवर संशय घेतला, पण सगळा मनातल्या मनात. कोणी त्याला नाव विचारलंच नव्हतं. त्याने सडकेकडे पाहिलं. तिथे मुखरू उभा होता. सगळ्या हमालांना सुट्टी, गावात बैल सजत होते, आणि हा धुतलेलं धोतर नि कोरा पटका घालून टालीच्या तोंडाशी उभा राहून गाडीकडे टक लावून पाहत होता. आपलं काम फत्ते झालं की नाही ते पाहायला आला, दुसरं काय?

"हा," जलालुद्दीन बोट दाखवून म्हणाला. "काल सांजेले गाडीजवळून गेला. हातात काईतरी लपवलं होतं. इचारलं तं काई नाई म्हणे."

गुणवंतरावाने मुखरूला बोलावलं. मुखरू आला. पोत्याची घडी आजही त्याच्या खांद्यावर होती, सवयीने घेतलेली.

"गाडीले हात लावला का तू?"

"लावला."

इतकं सरळ उत्तर येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. गुणवंतरावाने सायकल थप्पीला टेकवली. "काय केलं?"

मुखरूने वर पाहिलं नाही. वारलू समोर होता, आणि वारलूला कळलं म्हणजे पोळ्याच्या तोरणाखाली जमलेल्या सगळ्या गावाला कळलं. मुखरूचे कान लाल झाले. तो तोंड उघडायला गेला आणि मिटून उभा राहिला.

"बोलत काऊन नाई? गाडीनं बैल विकाले लावले म्हून सूड घेतला का?"

"तसं नाई, दिवाणजी."

"मंग कसं?"

गुणवंतरावाला वॅगन दिसत होती, त्याला दुसरं काही दिसेना. "चालता हो इथून," तो ओरडला. "पुन्हा टालीवर दिसला तं ठाण्यात देतो. सणाचा दिवस हाय म्हून सोडून राह्यलो."

मुखरूने खांद्यावरची पोत्याची घडी काढली, नीट झटकली आणि ओंडक्यांच्या थप्पीवर ठेवली. बंडी गेली, बैल गेले, आता हेही गेलं. आणि पोळ्याच्या दिवशी गावात चोर म्हणून जायचं, ते वेगळंच. तो सडकेने गावाकडे चालू लागला.

खरं सांगायचं तर जलालुद्दीनला बरं वाटलं. इतक्या वर्षांचा संशय एकदाचा खरा ठरला होता. पण गाडी काही त्याने सुरू झाली नाही. गुणवंतराव सायकल घेऊन, कोणाची मोटर मिळते का ते पाहायला सडकेवर जाऊन उभा राहिला. जलालुद्दीन उघड्या दारातून शेजारच्या बाकाकडे नुसता बघत बसला.

बाकावर मुंग्या होत्या. काळ्या, बारीक मुंग्यांची एक रांग दाराच्या फटीतून आत आली होती, बाकाच्या कडेने उतरली होती आणि थेट त्या पितळी कुलपाच्या कडीशेजारच्या भोकातून पेटीत जात होती. दुसरी रांग पेटीतून परतत होती. एकेकीच्या तोंडात पिवळसर कण होता. त्यांना जलालुद्दीनच्या कुलपाची अजिबात पर्वा नव्हती.

बॅटरीत मुंग्यांना खाण्यासारखं असतं काय? असतं ते तेजाब, नुसतं ॲसिड. जलालुद्दीनने पितळी कुलूप उघडलं आणि झाकण उचललं.

आधी वास आला. तुपाचा आणि हळदीचा. मग दिसलं. पेटीच्या कोपऱ्यात पळसाचं पान आणि त्यावर गुळाचा खडा, मुंग्यांनी अर्धा पोखरलेला. बॅटरीच्या त्या एका खुंटीवरचा मळ, जो पुसायला त्याला स्वतःला कित्येक महिन्यांत सवड झाली नव्हती, तो गरम पाण्याने आणि राखेने घासून पार काढलेला. खुंटीला तूप-हळद चोळलेली, अगदी जाड, जीव लावून. आणि त्यावर पळसाच्या पानाची मऊ घडी ठेवून मग पट्टा अलगद बसवलेला, पुन्हा जखमेला लागू नये म्हणून. शिसं आणि पट्टा यांच्यामध्ये पान होतं. करंट जाणार कुठून?

जलालुद्दीन गोंडपिपरीत वाढलेला माणूस. त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. लहानपणी त्याच्या घराला लागून पाटलांचा गोठा होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्या गोठ्यात बैलांचे खांदे शेकत. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टे पडतात, जखमा होतात. त्या गरम पाण्याने धुवायच्या, पळसाच्या पानाने तूप-हळद लावायची, आणि मग बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. लहान जलाल कुडाच्या फटीतून ते पाहायचा आणि बैलाला जेवणाचं आमंत्रण देतात याचं त्याला फार हसू यायचं.

मुखरूजवळ यंदा बैल नव्हते. ज्याचा खांदा शेकायचा असं त्याच्या दारी कोणी राहिलं नव्हतं. ओझं वाहणारं, चढावर कुथणारं जे एक जनावर त्याच्या रोजच्या पाहण्यात होतं, त्याच्या मानेवर दोन पट्ट्यांचं जू होतं आणि जुवाखाली जखम चिघळली होती. हाकणाऱ्याला तिची फिकीर नव्हती. हाकणाऱ्याला फिकीर होती कुलपाची.

जलालुद्दीनला लाज वाटली. अशी की तोंड कुठे लपवावं कळेना. पेटी उघडी टाकून तो वजूला गेला होता, तेवढ्यात मुखरूने हे सगळं केलं, आणि परत येऊन आपणच आत न पाहता त्यावर कुलूप ठोकलं. वारलू सकाळपासून सांगत होता ते आपण ऐकलं नाही. आणि मुखरू का बोलला नाही, तेही त्याला आता कळलं. लोखंडाचा खांदा शेकला म्हणून सांगितलं असतं तर सगळं गाव त्याला जन्मभर हसलं असतं. हसण्यापेक्षा त्याने चोर म्हणवून घेणं पसंत केलं.

त्याने पान काढलं. फेकलं नाही, घडी करून खिशात ठेवलं. खुंटी फडक्याने पुसली, पट्टा चढवला, लाकडाने ठोकला. किल्ली फिरवली. घड्याळाचा काटा उसळून वर आला. सेल्फ दाबायचा अवकाश, गाडीने एका दमात पेट घेतला, गेल्या कित्येक महिन्यांत घेतला नव्हता असा.

गुणवंतराव सायकल टाकून धावत आला. "काय होतं रे? काय केलं होतं त्यानं?"

वारलूही मान पुढे करून उभा होता. जलालुद्दीनने दोघांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर आळ घेतला.

"त्यानं काई नाई केलं. मीच सांगतलं होतं त्याले."

"काय सांगतलं?"

"गाडीचा खांदा शेक म्हून. बॅटरी चिघळली होती. मी म्हणलो, मुखरूभाऊ, तुमच्या हाताले गुण हाय, तूप-हळद लावून द्या. माह्या ध्यानातून गेलं. पान काढाचं राहून गेलं मधात, तं करंट बंद."

गुणवंतराव त्याच्याकडे पाहतच राहिला. "तू सांगतलं? तू मुसलमान माणूस, तू गाडीचा पोळा करतं?"

"गाडी थोडीच नमाज पडते, दिवाणजी?"

वारलू आधी फिसकन हसला आणि मग पोट धरून खाली बसला. "उस्तादनं गाडीचा खांदा शेकला! उस्तादनं!" दिवस मावळायच्या आत हे गोंडपिपरीच्या बाजारात पोचणार आणि पुढची कित्येक वर्षं आपण यातून सुटत नाही, हे जलालुद्दीनला दिसत होतं. तो तसाच उभा राहिला.

"बरं, बरं. मंग तो हो म्हणाचा सोडून गप काऊन राह्यला?" गुणवंतराव म्हणाला.

"मी इसरून त्याचंच नाव घेतलं तुमच्यापुढं, तं तो मले खोटं कसं पाडीन? त्याले माही इज्जत वाचवाची होती, अजून काय?" एवढं बोलून जलालुद्दीनने इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून पुढे धरली. "हे घ्या. त्याच्या दारात जाऊन तुमी त्याले कामावर ये म्हणत असान, तं गाडी बल्लारशाले जाईन. नाई तं दुसरा डायवर पाहा."

गुणवंतरावाने वर सूर्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं. दुसरा ड्रायव्हर काही सागाच्या झाडावर लागलेला नव्हता. "पळसबोडी रस्त्यातच तं हाय," तो पुटपुटला आणि बाकावर चढून बसला. थप्पीवरची पोत्याची घडी जलालुद्दीनने उचलून मांडीवर घेतली.

गावात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल तोरणाखाली निघाले होते, आणि त्यांच्या मागे हा पोपडे सुटलेला ट्रक ओंडक्यांचं ओझं घेऊन आला. वारलू पायदानावर लटकून येईल-जाईल त्याला सांगत सुटला होता. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, कोणीतरी ओरडून डायवरची शिंगं कुठी हायत म्हणून विचारलं. जलालुद्दीन पुढे पाहून गाडी हाकत राहिला.

मुखरूच्या अंगणात दोन खुंटे होते, दोन्ही रिकामे. दार बंद होतं. आतून त्याची बायको वच्छला कोणाला तरी बोलत होती, "सकायपासून इचारून राह्यली, वाटीभर तूप गेलं कुठी?" जलालुद्दीनने हॉर्न दाबला. आतला आवाज थांबला. दार उघडेना. पोलीस आणले, असंच आतल्या माणसाला वाटलं असणार.

गुणवंतराव खाली उतरून खाकरला. "मुखरू, काई गैरसमज झाला. जलालनं सांगतलं मले, त्यानंच तुले सांगतलं होतं ते. उद्यापासून कामावर ये, बाबू."

दार उघडलं. मुखरू बाहेर आला. मागे अर्धं गाव जमलं होतं आणि ते हसत होतं, पण त्याला नव्हे. हसत होतं ड्रायव्हरला. मुखरूने जलालुद्दीनकडे पाहिलं. तू केव्हा सांगितलंस मला, असा प्रश्न त्याच्या डोळ्यांत होता. जलालुद्दीनने तो तिथेच राहू दिला.

"मुखरूभाऊ," पोत्याची घडी घेऊन खाली उतरत तो म्हणाला, "काल आवतन देल्लं ना याले? जेवाले आला."

मुखरूने घडी त्याच्या हातातून घेऊन खांद्यावर टाकली. तो जलालुद्दीनच्या बाजूने पुढे गेला आणि बोनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग अगदी हळू, गावाला ऐकू जाणार नाही असं, त्याने विचारलं, "खांदा कसा हाय?"

जलालुद्दीनने कमरेच्या जुडग्यातून पितळी कुलपाची किल्ली सोडवली. साबिराच्याही हाती कधी न दिलेली ती किल्ली त्याने मुखरूच्या हातावर ठेवली. "तुमीच पाहत जा."

वच्छला तोवर ताट घेऊन आली होती. तिने गाडीला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि पुरणाची पोळी हातात घेऊन इकडेतिकडे पाहू लागली. बैलाला तोंड असतं. या जनावराचं तोंड कुठे, तिला कळेना. "कुठी चारू?" तिने नवऱ्याला विचारलं.

"त्याच्या गड्याले दे," मुखरू म्हणाला.

तिने पोळी जलालुद्दीनपुढे धरली. त्याने ती घेतली आणि वास न घेता खाल्ली.